इन्सेन्टिव्ह : अर्थ आणि वापर

“मग सरळ लाच म्हणा ना, नाना.”

“लाच नव्हे. इन्सेन्टिव्ह.”

“मराठीत सांगा.”

“त्याला मराठीत शब्द नाही.”

“पुष्कळ आहेत. तुम्हाला त्यातला एकही परवडत नाही, एवढंच.”

हे भांडण सकाळी चहाच्या कपावर सुरू झालं होतं, रिक्षात वाढलं होतं आणि आता नदीकाठच्या मठाच्या ओट्यावर येऊन बसलं होतं. भांडणारी माणसं दोन. डिगंबर झांबरे आणि त्यांची एकुलती एक मुलगी वृषाली. ऐकणारी एकच, तापीमाई.

माईंच्या खांद्याला झोळी होती. माधुकरीला निघायची त्यांची वेळ झाली होती. पाच घरी उभं राहायचं, मिळेल ते आणायचं, त्यावर दिवस काढायचा, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. उशीर झाला की गावातल्या बायका भांडी घासायला बसतात आणि झोळीत वाऱ्याशिवाय काही पडत नाही.

तरी त्या उंबऱ्यावर टेकल्या.

शिकलेल्या माणसांचं भांडणसुद्धा शब्दाच्या अर्थापासून सुरू होतं. अडाणी माणूस निदान बाह्या सरसावून मुद्द्यावर तरी येतो. हे दोघं शब्दालाच धरून बसले होते, कारण शब्द सुटला असता तर मुद्दा उघडा पडला असता. ते दोघांनाही नको होतं.

“काय तो शब्द?” माईंनी विचारलं. “इन्शेंडी?”

“इन्सेन्टिव्ह, माई.”

“शेंडी लावायचंच काम ना ते? इंग्रजीतून लावतात, एवढंच.”

वृषालीला हसू आलं. ते तिनं दाबलं. रागावलेल्या माणसाला मधेच हसू आलं की फार पंचाईत होते.

डिगंबरांना मात्र हसू आलं नाही. पंपाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माणसं हाताळली होती आणि निवृत्त झाल्यावर ती कशी हाताळावीत यावर भाषणं दिली होती. भाषणाला उभे राहिले की आधी फळ्यावर हाच शब्द लिहायचे, खाली रेघ मारायचे आणि म्हणायचे, अर्थ आणि वापर. आज समोर फळा नव्हता. त्यांनी काठीनं ओट्याच्या धुळीतच रेघ मारली.

माणूस आपणहून हलत नाही, त्यांनी समजावलं. त्याच्यापुढे काही तरी ठेवावं लागतं, मग तो हलतो. काम झाल्यावर देतो ते बक्षीस. कामाआधी दाखवतो ते इन्सेन्टिव्ह. यात खोटं काही नाही, चोरी काही नाही, उलट दोन्ही बाजूंचं भलंच आहे.

“आणि गळाला लावतात ते?”

“ते आमिष.”

“माशाला फरक कसा कळतो?”

“माई, मासा वेगळा, माणूस वेगळा.”

“बरं,” माई म्हणाल्या.

त्यांचं ‘बरं’ मठात येणारे सगळे ओळखून होते. ते संमतीचं नसे.

मग वृषालीनंच मुद्दा उघडा केला.

नाना न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला पुण्याला फोन केला होता. नानांनी केला नव्हता. ती रातोरात आली. ऑपरेशन झालं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलणं झालं, बेडपॅन झालं, काठी हातात देऊन पहिलं पाऊल टाकायला लावणं झालं. आता नाना चालत होते. आता ऑफिस तिला बोलावत होतं, उद्याच्या गाडीनं तिला निघायचं होतं. आणि आज सकाळी नानांनी बशीत चहा ओतता ओतता म्हटलं होतं, तू इथंच राहिलीस तर घर आत्ताच तुझ्या नावावर करून टाकतो.

तिनं कप खाली ठेवला होता आणि बॅग भरायला घेतली होती.

निघण्याआधी माईंना भेटून जा, एवढं नानांनी म्हटलं, म्हणून ती आली होती. माई पोरीला समजावतील, असा नानांचा हिशेब.

“मी वाईट काय बोललो?” डिगंबर माईंना म्हणाले. “लोक मेल्यावर देतात. मी जिवंतपणी देतोय. आणि हिचं तोंड असं, जसं मी हिच्या अंगावर गरम पाणी टाकलं.”

“टाकलंच,” वृषाली म्हणाली.

खाली घाटावर कुणी तरी गोधड्या धूत होतं. धप... धप...

“माई, यांचं सगळं केलं तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. दमले, चिडले, पण मनात दुसरं काही आलं नाही. आज हे घर म्हणाले आणि मला माझ्याच हातांची शंका आली. मी घरासाठी तर करत नव्हते ना...”

“असं मी म्हटलं का?” डिगंबर म्हणाले.

“म्हणायला कशाला हवं? तुम्ही किंमत सांगितलीत. किंमत सांगितली की वस्तू दुकानातली होते.”

डिगंबर गडबडले आणि गडबडलेला बाप जे करतो ते त्यांनी केलं. जुने उपकार काढले. लहानपणी हिला पाढे पाठ होत नव्हते, ते कुणामुळे झाले? शुद्धलेखन कुणामुळे सुधारलं? कपाटात श्रीखंडाच्या गोळ्यांची बरणी कुणी ठेवली होती? पाढा म्हटला, एक गोळी. ताट स्वच्छ केलं, एक गोळी. पाहुण्यांसमोर कविता म्हटली, दोन गोळ्या. पोर शाळेत पहिली आली.

“आले,” वृषाली म्हणाली. “आणि मला ताप आला होता तेव्हाचं आठवतं का? तोंडाला चव नव्हती म्हणून आईनं बरणी काढली आणि मला एक गोळी दिली. मी ती हातात धरून बसले. आईला विचारलं, मी काय केलं?”

डिगंबरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. मला वाटलं, मी चुकीचं विचारलं.”

धप... धप...

माईंनी झोळीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग डिगंबरांकडे न बघता त्यांनी गंगाराम पेटीवाल्यांचा विषय काढला.

गंगाराम गुरुवारच्या भजनाला पेटी वाजवायचे. त्यांच्यासोबत चार म्हातारे, चार म्हाताऱ्या. कुणी बोलावत नसे, कुणी थांबवत नसे. मग डिगंबरांनी सुचवलं की भजनाला माणसं वाढवायची असतील तर शेवटी साबुदाण्याची खिचडी ठेवू. खर्च त्यांनीच उचलला. माणसं वाढली. ओटा पुरेना. डिगंबर पडले, खिचडी बंद झाली. वाढलेली माणसं गेली, त्याचं माईंना काही वाटलं नाही. पण गंगारामही येईनासे झाले. खिचडीच्या आधीपासून येणारे गंगाराम.

“मी जाऊन विचारलं,” माई म्हणाल्या. “तर मला म्हणतात, माई, खिचडी बंद केलीत म्हणजे आम्ही नको झालो असणार. कशाला उगाच यायचं?”

“हे मला माहीत नव्हतं,” डिगंबर म्हणाले.

“आता झालं.”

“पण माई, यात शब्दाचा काय दोष? शब्द चांगलाच आहे.” डिगंबर शब्द सोडायला तयार नव्हते. माणूस बुडताना ज्या फांदीला धरतो ती कुजकी आहे हे त्याला दिसत नाही असं नाही. दुसरी हाताशी नसते. “हिलाच विचारा. ही भाषांतरं करते. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हीच लिहिते, प्रोत्साहनपर लाभ.”

“लिहिते,” वृषाली म्हणाली. “पोटासाठी लिहिते. पण मुळात त्याचा अर्थ तो नाहीच.”

“मग काय?”

“गाण्यातला शब्द होता तो. लॅटिनमधला.”

माईंनी पहिल्यांदाच मान वर केली. “पुन्हा सांग.”

“सूर लावणं, माई. एकानं आधी गायला सुरुवात करायची. त्याचं ऐकून दुसऱ्याला गावंसं वाटायचं. मुळात एवढंच.”

डिगंबरांचा चेहरा खुलला. काठी आपटून ते म्हणाले, “बघा. मी म्हणत नव्हतो? चांगलाच शब्द आहे.”

“फार चांगला आहे,” माई म्हणाल्या. “मग तू काय गायलास?”

...

“मी... घर दिलं.”

“त्या भिंती झाल्या. मी गाणं विचारते.”

शेकडो लोकांसमोर ज्याची जीभ कधी अडली नाही तो माणूस मठाच्या ओट्यावर, एका म्हातारीपुढे आणि स्वतःच्या मुलीपुढे, घसा खाकरत राहिला.

वृषाली उठून ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. बापाचा असा चेहरा तिला बघवत नव्हता, आणि त्याच्यावरचा राग सोडायचाही नव्हता.

माई उठल्या. खांद्यावरची झोळी काढली आणि डिगंबरांच्या खांद्याला अडकवली.

“आज माझ्याऐवजी तू जा.”

“माई, माझा पाय... गावापर्यंत कसा जाणार मी?”

“गावात नको. एकच घर.”

आणि त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं.

डिगंबर हसले. ते हसू लगेच विझलं. “माई, हा काय पोरखेळ?”

“मग झोळी परत दे. मला उशीर होतोय.”

डिगंबरांनी झोळीच्या पट्ट्याला हात घातला. पण काढली नाही.

या माणसाचा हात आयुष्यभर वरचा होता, हे ध्यानात घ्यायला हवं. त्यांच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. लग्नकार्यात आहेर त्यांचा मोठा. वर्गणीत नाव त्यांचं वर. घेणाऱ्यानं मान खाली घालावी आणि आपण ‘असू दे, असू दे’ म्हणावं, याची गोडी श्रीखंडाच्या गोळीपेक्षा मोठी असते. ती सवय सुटत नाही.

“नियम ठाऊक आहे ना?” माई म्हणाल्या. “बदल्यात काय देणार ते सांगायचं नाही. समोरची वाढेल ते घ्यायचं. ‘पुढं व्हा’ म्हणाली तर मुकाट पुढं व्हायचं. तोंड वाकडं करायचं नाही.”

डिगंबर काठी टेकत पायरीशी आले. वृषालीनं वर बघितलं नाही.

“हे बघ, वृषाली, तू राहिलीस तर...”

“भिक्षेकरी ‘तर’ म्हणत नाही,” मागून माई म्हणाल्या.

“म्हणजे, तुझ्या दृष्टीनंही विचार केला...”

“तिच्या दृष्टीचं तिला बघू दे.”

डिगंबर थांबले. खालची गोधडी धुऊन झाली असावी. घाट गप्प होता.

“माई,” मागं न वळता ते म्हणाले, “हेही नाही, तेही नाही. मग मागायला उरतं काय?”

“जे उरलं ते माग.”

गावात बायका एव्हाना भांड्यांना बसल्या असतील. माईंनी घाई केली नाही.

“थांब,” डिगंबर म्हणाले.

एवढंच. आवाज इतका बारीक की वृषालीला वाटलं, दुसऱ्याच कुणी म्हटलं.

“कशासाठी?” तिनं विचारलं. मुद्दाम विचारलं. लागेल असंच विचारलं.

डिगंबरांचे ओठ सवयीनं हलले. उत्तर जिभेवर आलं असावं, औषधाचं, पथ्याचं, घराचं, तिच्या भविष्याचं. ते त्यांनी गिळलं.

“संध्याकाळी घरात मला भीती वाटते गं.”

...

“तुझी आई गेल्यापासून वाटते. सगळ्या खोल्यांतले दिवे लावतो. रेडिओ लावतो. मोठ्यानं लावतो, शेजारी बोलतात. तरी वाटते.”

वृषाली उभी राहिली. “इतकी वर्षं? मला कधी बोलला नाहीत.”

“त्याच्या बदल्यात तुला काय द्यायचं ते सुचत नव्हतं.”

माई नदीकडे बघत होत्या. असल्या वेळी बघू नये, हे ज्याला कळतं त्याला पुष्कळ कळतं.

“आणि मी नाही म्हटलं तर?” वृषालीनं विचारलं.

“तर पुढं व्हायचं. माईंनी सांगितलंय.”

हे म्हणताना डिगंबरांचं तोंड वाकडं झालं नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी सैल झालं, घट्ट बुटाचे बंद सोडल्यावर होतं तसं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवली होती, आणि ती ठेवून आपण पडलो नाही, उभेच आहोत, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटत असावं.

वृषालीला ते दिसलं. तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. आता ते हसू तिनं दाबलं नाही.

“ऑफिसला विचारते,” ती म्हणाली. “इथून काम करू देतात का बघते. दिलं तर थांबते. नाही दिलं तर जाईन, आणि येत राहीन. एवढंच आहे माझ्याकडं. चालेल?”

“मी चालेल म्हणणारा कोण? मी मागणारा.”

त्यांच्या खांद्यावरून झोळी घसरली होती. तिनं ती नीट केली.

डिगंबर पायरीवर बसले. खाली बसताना खुबा दुखला, त्यांनी चारचौघांत कधी काढला नव्हता तसा मोठा सुस्कारा टाकला, आणि तो टाकून झाल्यावर बसूनच राहिले. वृषाली शेजारी बसली. दोघांच्यात काठी आडवी होती. ती तिनं उचलून बाजूला ठेवली.

“उद्याचं तिकीट रद्द करावं लागेल,” ती म्हणाली.

“कर, कर.”

“आणि मला रोज पोहे नकोत.”

“पोहे तर तूच करायचीस. मला वाटायचं, तुला आवडतात.”

“मला वाटायचं, तुम्हाला.”

माई पुढे आल्या आणि त्यांनी डिगंबरांच्या खांद्यावरची आपली झोळी काढून घेतली. ऊन चढलं होतं. पाचातलं एखादं तरी घर अजून उघडं असेल, अशा आशेनं त्या वहाणा शोधू लागल्या.

मन हलकं झालं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो. डिगंबरांनी सदऱ्याच्या बाहीनं चेहरा पुसला, ताठ बसले, आणि त्यांच्या आवाजात तो फळ्यासमोरचा भरदारपणा परत आला.

“मग मी काय म्हणतो, वृषाली, हे ठरलंच आहे, तर घराचं तेवढं मी सोमवारी वकिलाकडं...”

वृषालीचं हसू मावळलं. ती त्यांच्यापासून हातभर सरकली आणि तिनं तोंड उघडलं.

पण ती बोलण्याआधीच, एक वहाण पायात आणि एक हातात अशा उभ्या असलेल्या माई म्हणाल्या,

“डिगंबर, भिक्षा वाढणाऱ्या बाईला सुटे परत करायचे नसतात.”